घरातला प्राणी, गल्लीतला प्राणी आणि नगराचे नियम

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याच्या आणि बाजारपेठेच्या पश्चिमेस चामराजपेट हा भाग वसलेला आहे. १८९२ मध्ये म्हैसूर संस्थानच्या सरकारने त्याची आखणी केली आणि तत्कालीन महाराज चामराजेंद्र वडेयर यांचे नाव त्यास दिले. जुन्या पेठेतील दाटीवाटीच्या वस्तीला पर्याय म्हणून योजनापूर्वक वसविलेला हा या शहराचा पहिलाच विस्तार होय. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे आडवे रस्ते, प्रत्येक घरापुढे थोडे अंगण आणि घरांच्या मागील बाजूने जाणारी अरुंद सफाई-गल्ली, असा त्याचा आराखडा होता. मुंबईकर जिला घरगल्ली म्हणतात तिचाच हा प्रकार. त्या काळी मैला वाहून नेणाऱ्या कामगारांना घरात न शिरता मागच्या बाजूने ये-जा करता यावी, हा तिचा हेतू होता.

आता मैला वाहून नेण्याची ती अमानुष पद्धत राहिली नाही. घरांच्या जागी तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. मागची गल्ली मात्र पुष्कळ ठिकाणी शिल्लक आहे. आणि मोकळी जागा दिसली की तिला कोणी ना कोणी वारस मिळतोच. खरकटे टाकणारे तेथे खरकटे टाकतात, ते खाण्यास उंदीर आणि मांजरे येतात, आणि कुत्री तेथे पिल्ले घालतात. समोरच्या बाजूस, फाटकाआड, पट्टा बांधलेला पाळीव कुत्रा असतो. या दोन कुत्र्यांमध्ये एका घराचेच अंतर असते. एक कोणाचा तरी आहे आणि दुसरा कोणाचाच नाही, असे सामान्यतः समजले जाते. परंतु नगराच्या आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर हे दोघे एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत. हा प्रश्न काय आहे, त्यासाठी कोणते नियम झाले आणि त्या नियमांत प्राणी पाळणाऱ्याचा वाटा कोणता, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

मारण्याचा मार्ग

शहरातील मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करावयाचा म्हणजे त्यांना मारावयाचे, ही कल्पना भारतात ब्रिटिश अमलाबरोबर रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत वर्षातील ठराविक महिन्यांत मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम असे, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. पैशाच्या लोभाने काही शिपाई लोकांच्या दारातील, क्वचित घरातीलही कुत्री ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्यास धार्मिक महत्त्व आहे. ६ जून १८३२ रोजी फोर्ट भागात पारशांनी या शिपायांना अडविले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला, कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी सामग्री अडविण्यात आली, आणि अखेरीस लष्कर बोलवावे लागले. मुंबईच्या इतिहासात ही घटना ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणून ओळखली जाते. कोणता कुत्रा मालकीचा आणि कोणता बेवारशी हे ठरविण्याचे साधन नसताना केवळ बळाचा वापर केला, तर काय घडते याचे हे जुने उदाहरण आहे.

त्यानंतरही दीडशे वर्षे बहुतेक नगरपालिकांनी हाच मार्ग अवलंबिला. विष, विजेचा धक्का, गोळी अशी साधने बदलत गेली. कुत्र्यांची संख्या मात्र कायम राहिली. याचे कारण प्राणिशास्त्रात आहे. एखाद्या भागात किती कुत्री राहतील हे तेथील अन्न आणि आसरा ठरवितात. एका गल्लीतील दहा कुत्री मारली तरी त्या गल्लीतील उकिरडा जागेवरच राहतो. मग शेजारच्या भागातील कुत्री तेथे येतात, आणि उरलेल्या माद्यांची पिल्ले, अन्नाची स्पर्धा कमी झाल्यामुळे, अधिक संख्येने जगतात. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. वर्षातून दोनदा ती माजावर येऊ शकते आणि एका वेतात सामान्यतः चार ते सहा पिल्ले होतात. त्यांतील अर्धी मेली तरी काही महिन्यांत गल्लीतील जागा पुन्हा भरून निघते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच सांगितले होते की, केवळ कुत्री मारून त्यांची संख्या कायमची कमी होत नाही आणि पिसाळ रोगही आटोक्यात येत नाही.

निर्बीजीकरणाचा मार्ग

पर्याय असा निघाला की, कुत्र्यास पकडावे, शस्त्रक्रिया करून त्याचे निर्बीजीकरण करावे, त्यास पिसाळ रोगाची लस टोचावी आणि ज्या जागेवरून पकडले तेथेच परत सोडावे. परत सोडलेला कुत्रा आपली हद्द राखतो, बाहेरच्या कुत्र्यास आत येऊ देत नाही, स्वतः प्रजोत्पादन करीत नाही आणि रोगही पसरवीत नाही. मद्रासमध्ये ‘ब्ल्यू क्रॉस’ या संस्थेने ही पद्धत आग्रहाने मांडली, आणि १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास तेथील महानगरपालिकेने ती स्वीकारली. केंद्र सरकारने प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली डिसेंबर २००१ मध्ये या पद्धतीस नियमांचे रूप दिले. १० मार्च २०२३ रोजी त्या नियमांच्या जागी नवे नियम आले.

या नियमांतील काही तरतुदी सामान्य नागरिकाने जाणून घेण्याजोग्या आहेत. कुत्री हाताने अथवा जाळ्याने पकडावयाची असतात. चिमटे किंवा तारेचे फास वापरता येत नाहीत. सहा महिन्यांखालील पिल्लावर शस्त्रक्रिया करता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस कुत्र्यास देखरेखीखाली ठेवावे लागते. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानास खाच पाडली जाते. ही खाच म्हणजे त्याची ओळखपत्रिकाच होय. ती पाहून शस्त्रक्रिया झालेला कुत्रा दुरूनही ओळखता येतो. रस्त्यावरील कुत्र्यांना अन्न देण्यासाठी वस्तीतील रहिवाशांनी जागा आणि वेळ ठरवावी. ती जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून व प्रवेशद्वारापासून दूर असावी, असेही हे नियम सांगतात. आणि याच नियमांत एक छोटे परंतु महत्त्वाचे वाक्य आहे: पाळीव प्राण्याचे जंतनिर्मूलन, लसीकरण आणि निर्बीजीकरण ही त्याच्या मालकाची जबाबदारी आहे.

२००७ चा धडा

बंगळूरमध्ये निर्बीजीकरणाचा कार्यक्रम २००० च्या सुमारास सुरू झाला. तरीही २००७ च्या पहिल्या दोन महिन्यांत शहराच्या बाहेरील भागांत कुत्र्यांच्या टोळ्यांनी दोन बालकांचे बळी घेतले. एक मुलगी आठ वर्षांची होती, एक मुलगा चार वर्षांचा. शहर हादरले. लोकांच्या संतापापुढे प्रशासनाने कुत्री पकडण्याची मोठी मोहीम उघडली आणि त्यात असंख्य कुत्री मारली गेली. एका बाजूस मुलांचे प्राण गेल्याचे दुःख आणि दुसऱ्या बाजूस प्राण्यांच्या सरसकट हत्येविषयीची चीड, अशा दोन परस्परविरोधी भावनांत शहर विभागले गेले.

शांतपणे विचार करता त्या शोकांतिकेमागे तीन गोष्टी दिसतात. शहर वेगाने बाहेर पसरत होते, आणि नव्या वस्त्यांपर्यंत निर्बीजीकरणाचे पथक पोहोचले नव्हते. मांसाच्या दुकानांतील टाकाऊ अवशेष उघड्यावर पडत, त्यामुळे कुत्र्यांचे मोठे कळप एका जागी जमत. आणि ज्या घरांतील मुले बळी पडली तशा श्रमजीवी घरांना कुंपण नसते. त्यांची मुले उघड्यावर खेळतात. कुत्र्याच्या प्रश्नाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे येथे विसरता येत नाही. मोटारीतून जाणाऱ्यास कुत्रा क्वचितच चावतो. तो पहाटे दूध आणि वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलास, कचरा वेचणाऱ्या स्त्रीस आणि शाळेत पायी जाणाऱ्या बालकास चावतो.

नंतरच्या काळात काम वाढले. महानगरपालिकेच्या २०१९ च्या पाहणीत शहरात सुमारे ३ लाख १० हजार मोकाट कुत्री असल्याचा अंदाज निघाला होता. २०२३ च्या पाहणीत हा आकडा २ लाख ७९ हजारांवर आला, आणि त्यांपैकी सुमारे ७२ टक्के कुत्र्यांचे निर्बीजीकरण झालेले आढळले. ही प्रगती खरी आहे. परंतु निर्बीजीकरणाची टक्केवारी म्हणजे लसीकरणाची टक्केवारी नव्हे. शस्त्रक्रिया आयुष्यात एकदाच करावी लागते. लसीचा प्रभाव टिकण्यासाठी ती दरवर्षी टोचावी लागते. चार वर्षांपूर्वी कानास खाच पडलेला कुत्रा आज पिसाळ रोगापासून सुरक्षित असेलच असे नाही. शिवाय या गणनेत घरातील कुत्री मोजलेली नाहीत. ती किती आहेत, त्यांतील किती लस टोचलेली आहेत, हे कळण्याचा मार्ग एकच: मालकाने परवाना घेणे.

पिसाळ रोग

या सर्व नियमांच्या मुळाशी एक भय आहे. पिसाळ रोगाचे विषाणू बाधित प्राण्याच्या लाळेत असतात. चाव्यातून, ओरखड्यातून अथवा उघड्या जखमेवर लाळ पडल्याने ते माणसाच्या शरीरात शिरतात आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जातात. या प्रवासास बहुधा एक ते तीन महिने लागतात. ते मेंदूपर्यंत पोहोचून लक्षणे दिसू लागली की रोगी वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही. म्हणजे हा रोग एकाच वेळी अत्यंत भयंकर आणि संपूर्णपणे टाळता येण्याजोगा आहे. चाव्यानंतरचा जो अवधी मिळतो, तोच माणसाचा मित्र. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलास लस टोचली, ती याच अवधीचा उपयोग करून.

भारतात कसौली येथे १९०० मध्ये आणि कुन्नूर येथे १९०७ मध्ये पाश्चर संस्था स्थापन झाल्या. मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली जुनी लस पोटावर अनेक दिवस टोचावी लागे; ती वेदनादायक होती आणि कधी कधी मज्जासंस्थेस अपाय करी. २००४ अखेर तिचे उत्पादन बंद झाले. आता दंडात टोचावयाची सुरक्षित लस मिळते. तरीही पोटातील चौदा सुयांची दंतकथा लोकांच्या मनातून गेलेली नाही, आणि तिच्या भीतीने आजही माणसे दवाखान्यात जाण्याऐवजी जखमेवर हळद, चुना किंवा मिरची लावून घरी बसतात.

कुत्रा चावल्यास काय करावे, हे थोडक्यात असे. जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. विषाणूच्या बाह्य आवरणावर साबणाचा परिणाम होतो, म्हणून ही साधी क्रिया अर्धा बचाव आहे. जखमेवर घरगुती लेप लावू नये, शक्य तोवर टाके घालू नयेत. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. त्वचेत टोचण्याच्या पद्धतीत ती पहिल्या दिवशी व त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दिली जाते. रक्त आलेली जखम असल्यास लसीबरोबर जखमेभोवती प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते, कारण लसीमुळे शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास काही दिवस लागतात आणि तोपर्यंत विषाणूस थोपवून धरावे लागते. चावणारे कुत्रे पाळीव असेल तर त्यास दहा दिवस डोळ्यांखाली ठेवावे. दहा दिवसांनंतर ते धडधाकट असेल, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हते असे समजता येते. मात्र या निरीक्षणाची वाट पाहत लस लांबणीवर टाकू नये. आणि कुत्र्यास लस दिलेली आहे एवढ्या तोंडी आश्वासनावरही विसंबू नये.

येथेच मालकाच्या प्रामाणिकपणाची कसोटी लागते. शेजारच्या मुलास आपला कुत्रा चावला असता अनेक मालक प्रथम कुत्र्याची बाजू घेतात. ‘तो कधी चावत नाही,’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक चाव्यानंतर ऐकू येते. अशा वेळी मालकाने लसीकरणाचे कार्ड दाखवावे, जखमी व्यक्तीस स्वतः रुग्णालयात न्यावे आणि दहा दिवस कुत्र्याची खबर देत राहावे. कर्नाटक सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये माणसांतील पिसाळ रोग सूचना देण्यायोग्य रोग म्हणून जाहीर केला. अशा रोग्याची माहिती शासनास देणे डॉक्टरांवर आणि रुग्णालयांवर बंधनकारक झाले. शहरातीलच ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत या रोगाचे निदान केले जाते. श्वानजन्य पिसाळ रोग २०३० पर्यंत देशातून हद्दपार करण्याचा संकल्प केंद्र सरकारने २०२१ मध्ये सोडला. त्यासाठी कोणत्याही भागातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळावी लागते. या ७० टक्क्यांत घरातील कुत्रीही येतात, आणि सर्वांत सहज हाताशी येणारी तीच आहेत.

मालकाची कर्तव्ये

कायद्याच्या दृष्टीने पाळीव प्राण्याचा मालक दोन दिशांनी बांधलेला आहे. एक दिशा प्राण्याकडे जाते. १९६० च्या अधिनियमाच्या अकराव्या कलमानुसार प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी अथवा निवारा न देणे, त्यास अवास्तव आखूड किंवा जड साखळीने फार काळ बांधून ठेवणे, नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्यास फिरविण्याची हयगय करणे आणि योग्य कारण नसताना, उपासमार होईल अशा स्थितीत त्यास सोडून देणे, हे सर्व क्रौर्य समजले जाते. पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये दंड आहे. १९६० मध्ये ही रक्कम लहान नव्हती. आज ती एका वेळच्या चहापाण्याइतकी आहे, आणि कायदा दुबळा राहण्याचे हे एक कारण आहे.

दुसरी दिशा समाजाकडे जाते. आपल्या ताब्यातील प्राण्यामुळे मानवी जीवितास संभाव्य धोका पोहोचू नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. त्यापूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या २८९ व्या कलमात होती. पट्टा तुटलेल्या कुत्र्यास ‘तो खेळतो आहे’ असे म्हणून रस्त्यावर मोकळे सोडणारा मालक या कलमाच्या उंबरठ्यावर उभा असतो.

कोणी किती आणि कोणती कुत्री पाळावीत, हा प्रश्न अधिक वादग्रस्त ठरला. २०१८ मध्ये बंगळूर महानगरपालिकेने सदनिकेत एक आणि स्वतंत्र घरात तीन, अशी कुत्र्यांची मर्यादा घालणारे उपविधी पुढे आणले. सदनिकेत कोणत्या जातीची कुत्री ठेवता येतील याची यादीही त्यात होती. प्राणिप्रेमींनी कडाडून विरोध केला आणि ते उपविधी मागे ठेवावे लागले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने हिंस्र समजल्या जाणाऱ्या तेवीस जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठविले; एप्रिल महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने संबंधितांचे म्हणणे न ऐकता काढलेले ते परिपत्रक रद्द केले. या दोन्ही प्रसंगांतून एक बोध निघतो. संख्येवर किंवा जातीवर बोट ठेवणारा नियम करणे सोपे, पण टिकविणे अवघड. कारण एका सुशिक्षित मालकाची तीन कुत्री एका बेफिकीर मालकाच्या एका कुत्र्यापेक्षा कमी उपद्रवी असू शकतात. याउलट परवाना, वार्षिक लस, पट्टा, निर्बीजीकरण आणि विष्ठा उचलणे, या पाच गोष्टींविरुद्ध कोणासही युक्तिवाद करता येत नाही.

यांपैकी निर्बीजीकरणास सर्वाधिक टाळाटाळ होते. एकदा तरी पिल्ले झाल्याशिवाय मादी निरोगी राहत नाही, ही समजूत दृढ आहे. पशुवैद्यकास तीत तथ्य दिसत नाही. उलट शस्त्रक्रिया झालेल्या मादीस गर्भाशयाचा पू होण्याचा आजार होत नाही, आणि ती लवकर केल्यास स्तनांच्या गाठींचा धोकाही कमी होतो. आणि झालेल्या पिल्लांचे काय होते? नर पिल्लांना घरे मिळतात. माद्या मात्र एखाद्या रात्री पिशवीतून नेऊन बाजाराजवळ किंवा मागच्या गल्लीत सोडल्या जातात. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास २०१७ च्या नियमांनी मनाई केली आहे, पण फुकट टाकून देणाऱ्यास पकडणार कोण? अशा प्रकारे घरातला प्राणी गल्लीतला होतो. महानगरपालिका एका टोकास शस्त्रक्रिया करीत असते आणि दुसऱ्या टोकास काही मालक नव्या पिल्लांची भर घालीत असतात. हौदाचा नळ उघडा ठेवून पाणी उपसण्यासारखेच हे आहे.

कुत्र्यापलीकडे

चामराजपेटसारख्या जुन्या भागात कुत्रा हा एकच प्राणी नाही. के. आर. मार्केट जवळ आहे. भाज्यांची पाने आणि फुलांचा कचरा तेथे रोज साचतो. या भागात गायी पाळणारी घरे अजून आहेत. गोठ्यास जागा न उरल्याने काही जनावरे दिवसा रस्त्यावर चरतात आणि रात्री रस्त्याच्या कडेलाच बसतात. पूर्वी अशी जनावरे कोंडवाड्यात जात आणि मालक दंड भरून ती सोडवून आणी; १८७१ च्या जनावरे-अतिक्रमण अधिनियमाने ही व्यवस्था घालून दिली होती. जानेवारी २०२५ मध्ये चामराजपेटच्या विनायकनगर भागात रात्री रस्त्यालगत असलेल्या तीन गायींच्या आचळांवर शस्त्राने वार करण्यात आले. त्या क्रौर्याचा दोष सर्वस्वी ते करणाऱ्याचा. प्राण्यास ठार करणे अथवा जायबंदी करणे यास भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु मुक्या जनावरास रात्री निवारा हवा, ही गोष्टही या घटनेने पुन्हा अधोरेखित केली. १८९२ च्या आराखड्यात घराला अंगण होते. आजच्या शहरात गायीसाठी जागा कोठे, हा प्रश्न मालकाने एकट्याने सोडविण्याजोगा नाही.

न्यायालये आणि नवी व्यवस्था

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने दिल्ली परिसरातील सर्व मोकाट कुत्री निवारागृहांत हलविण्याचा आदेश दिला. देशभर वाद उसळला. २२ ऑगस्ट रोजी त्रिसदस्यीय पीठाने तो आदेश सुधारला: निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री पूर्वीच्या जागी सोडावीत, पिसाळलेली व आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, आणि अन्न देण्यासाठी ठराविक जागा नेमाव्यात. ७ नोव्हेंबर रोजी न्यायालयाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री तेथून हलवून पुन्हा तेथे न सोडण्याचे निर्देश दिले. म्हणजे पूर्वीचे तत्त्व टिकले, पण त्यास अपवाद जोडले गेले. लहान मुले आणि रुग्ण यांच्या वाटेवर कुत्र्याची हद्द असू नये, हा त्या अपवादांचा आशय.

याच सुमारास बंगळूरची प्रशासनव्यवस्थाही बदलली. सप्टेंबर २०२५ मध्ये जुन्या महानगरपालिकेच्या जागी बृहत् बंगळूर प्राधिकरण आणि त्याखाली पाच महानगरपालिका आल्या. व्यवस्था बदलली तरी कामे तीच आहेत: कुत्री मोजणे, पकडणे, शस्त्रक्रिया करणे, दरवर्षी लस टोचणे, कचरा वेळेवर उचलणे. पाच पालिकांच्या हद्दी कुत्र्यांना ठाऊक नसतात. एकीने काम केले आणि शेजारणीने केले नाही, तर पहिलीचे श्रम वाया जातात.

जुलै २०२५ मध्ये शहरातील चार-पाच हजार मोकाट कुत्र्यांना कोंबडीचे मांस घातलेला भात देण्याची सुमारे २ कोटी ८८ लाख रुपयांची योजना महानगरपालिकेने आखली, तेव्हा तिची थट्टाही झाली आणि तिचे समर्थनही झाले. भुकेला कुत्रा अधिक आक्रमक असतो, शिवाय अन्नाच्या ठिकाणी नित्य येणारा कुत्रा लसीसाठी पकडणे सोपे जाते, हे समर्थकांचे म्हणणे खरे आहे. पण अन्नाबरोबर शस्त्रक्रिया आणि लस नसेल, तर ते अन्न केवळ संख्या वाढविते, हेही तितकेच खरे आहे. वैयक्तिक दयेलाही हाच निकष लागू पडतो. गल्लीतील कुत्र्यास रोज पोळी घालणाऱ्याने त्याच्या कानास खाच आहे की नाही एवढे पाहिले, आणि नसल्यास पालिकेस कळविले, तर त्याच्या दयेस फळ येईल.

चामराजपेटच्या आखणीत एक विचार होता. घरातील घाण मागच्या गल्लीत ढकलली की काम संपत नाही, ती तेथून उचलण्याचीही सोय हवी, हे त्या आराखड्याने मान्य केले होते. त्यासाठी काही माणसांना अमानुष काम करावे लागले, हा त्या काळाचा कलंक. पण नकोशी गोष्ट मागच्या दाराने बाहेर टाकली की आपली जबाबदारी संपली, ही वृत्ती मात्र काळाबरोबर गेली नाही. नको असलेले पिल्लू, म्हातारा झालेला कुत्रा, आटलेली गाय, उरलेले अन्न, हे सारे आजही मागच्या दाराने बाहेर पडते आणि काही काळाने पुढच्या दाराशी परत येते. कधी भुंकण्याच्या रूपाने, तर कधी एखाद्या मुलाच्या पायावरील जखमेच्या रूपाने. परवान्याचा बिल्ला, लसीचे कार्ड आणि कानावरची खाच या तीन लहान खुणा दिसावयास क्षुल्लक आहेत. परंतु हा प्राणी कोणाचा, या प्रश्नास ज्या नगरात प्रत्येक वेळी उत्तर मिळते, त्या नगरात प्राण्यास मारावे लागत नाही आणि बालकास मरावे लागत नाही.